तीनशे बारा आणि एक

तीन वर्षं, सुट्ट्या सोडून, रोज दुपारी दोन ते चार मी काम करत असल्याचं नाटक करत होते, आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी उगाच कीव करायला नको.

अंबडला आमचा कारखाना आहे. द्राक्षबागांना औषध मारायचे ब्लोअर आम्ही बनवतो, ट्रॅक्टरच्या मागे लावायचे. आता प्रत्येक बागाईतदाराच्या ओळींतलं अंतर वेगळं, ट्रॅक्टर वेगळा आणि डोकं तर त्याहून वेगळं. त्यामुळे ब्लोअरची मापं सारखी बदलतात आणि मापं बदलली की ड्रॉइंगं बदलतात. ती कॉम्प्युटरवर काढायची हे माझं काम. पण नुसती काढून भागत नाही. कॉम्प्युटरमधली मूळ फाइल लेझर मशीनला कळत नाही आणि खालच्या माणसांना उघडता येत नाही. म्हणून प्रत्येक ड्रॉइंग दोन प्रकारांत बाहेर काढावं लागतं, एक पत्रा कापणाऱ्या लेझरसाठी आणि एक कागदावर छापायला. फाइल उघडा, प्रकार निवडा, नाव द्या, सेव्ह करा, पुन्हा दुसरा प्रकार, पुन्हा नाव, बंद करा. एका ब्लोअरचे लहानमोठे शंभरावर पार्ट असतात. माझ्याआधी यादवकाका हे करायचे. ते रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं नाही, नुसतं उजवं मनगट सगळ्यांना दाखवलं.

मीही सहा वर्षं तेच केलं. मग एकदा व्हिडिओ बघून बघून मॅक्रो लिहायला शिकले. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेली कामांची यादी. बटण दाबलं की तो ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत करत सुटतो, कंटाळत नाही आणि चहाला उठत नाही. माझ्या पहिल्या मॅक्रोने शंभर फाइलींना एकच नाव दिलं. प्रत्येक नवी फाइल आधीच्या फाइलीवर जाऊन बसली आणि शेवटी हातात एक नटाचा वायसर तेवढा उरला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण दोन महिन्यांनी तो शहाण्यासारखा चालायला लागला. फोल्डर दाखवायचं, बटण दाबायचं आणि डबा खायला जायचं. दोन वाजता परत यावं तर सगळी ड्रॉइंगं बाहेर आलेली, प्रत्येकावर पार्टचं नाव, किती नग करायचे तो आकडा आणि लाल अक्षरांत ‘रिलीज’ असा शिक्कासुद्धा.

आमचे मालक दीपकशेठ. त्यांना वाटायचं, हे काम संपायला चार वाजतात. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

का नाही केला ते सांगते. दीपकशेठ मनाने वाईट नाहीत, पण रिकामा माणूस दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटते. त्यांना कळलं असतं तर त्याच संध्याकाळी ते दोन तास भरून टाकले असते. आणि माझे दुसरे तास कुठे होते? पहाटे पाचला उठायचं, पाणी भरायचं, चार डबे करायचे, पोरांना उठवायचं, बस पकडायची. संध्याकाळी उलट्या क्रमाने तेच. माझा नवरा, संतोष, पाळीने कामाला जातो. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. माझ्या अख्ख्या दिवसात माझे म्हणावेत असे ते दोनच तास होते. पहिलं वर्षभर मी त्यांत काही म्हणजे काही केलं नाही. खुर्चीत बसायचे आणि चहा गरम असताना प्यायचे. लग्नानंतर गरम चहा मी तिथेच प्याले.

मग मला आईचं सुचलं.

माझी आई, कुसाबाई. आमचं गाव सुरगाण्याकडे डोंगरात. भातकापणी झाली की गावची निम्मी माणसं जीपमध्ये कोंबून निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात, आई तर मी झोळीत असल्यापासून. घडातले जास्तीचे मणी कातरीने काढायचे, ती विरळणी. घड औषधात बुडवायचे, ते डिपिंग. सगळं काम डोक्यावरच्या वेलींच्या मांडवाला, दिवसभर हात वर. त्यात आई बुटकी. तिचा हात मांडवाला पोचत नाही. म्हणून ती प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर चढते, पोचतील तेवढे घड करते, उतरते, क्रेट उचलते, दोन पावलं पुढे ठेवते, पुन्हा चढते. एका दिवसात हे किती वेळा होतं ते तिने कधी मोजलं नाही. मी एकदा बांधावर बसून मोजलं आणि दीडशेनंतर सोडून दिलं. दोन वर्षांपासून तिचा गुडघा सुजतो. काम सोड म्हटलं तर म्हणते, “घरी बसून काय भिंती बघू?”

तर माझ्या दोन तासांत मी तिच्यासाठी पायरी काढायला घेतली. एकाच पत्र्याची घडी, वर पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी, खाली स्प्रिंगवर चार चाकं. बाई चढली की चाकं आत दबतात आणि पायरी जमिनीवर घट्ट बसते. उतरली की चाकं बाहेर येतात, मग पायाने ढकलायची, वाकायचं नाही. पंचवीस वेळा काढली आणि पंचवीस वेळा खोडली. ती बनवायचा माझा विचारच नव्हता, खरं सांगते. पोरं वहीच्या मागच्या पानावर काढतात तसंच ते होतं. फाइलीचं नाव ठेवलं ‘कुसाबाई’.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, एकच्या सुमाराला, जेवणाच्या आधीच मी ती फाइल उघडून बसले होते. लाइट फडफडली आणि बॅटरी पी पी करायला लागली. मी घाईने सेव्ह केलं. कुठे, ते पाहिलं नाही. समोर जे फोल्डर उघडं होतं त्यातच ती गेली, म्हणजे त्या आठवड्याच्या ब्लोअरच्या फोल्डरमध्ये. तीन मापांचे ब्लोअर होते, प्रत्येक मापाचे सहा, ड्रॉइंगं मिळून तीनशे बारा. लाइट आली, मी बटण दाबलं आणि जेवायला गेले. मॅक्रोला काय, त्याला फोल्डरमधलं सगळं सारखंच. त्याने तीनशे तेरा ड्रॉइंगं काढली. बाकीच्यांसारखाच कुसाबाईवरही शिक्का मारला आणि खाली लिहिलं, नग सहा.

आमच्या खाली बेंडिंग मशीनवर गोटीरामभाऊ आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी एका ड्रॉइंगबद्दल शंका काढली होती. तेव्हा शेठ तरुण होते आणि तोंडाने फटकळ होते. ते म्हणाले, तुझं काम पत्रा वाकवायचं, डोकं चालवायचं नाही. गोटीरामभाऊंनी ते असं मनाला लावून घेतलं की त्यानंतर त्यांनी एकाही ड्रॉइंगबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. शिक्का असला की वस्तू होणार. एकदा एका पार्टला चुकून उलटी घडी दाखवली गेली होती, तर त्यांनी चाळीस नग उलटे वाकवले आणि वर शिट्टी वाजवत होते.

सोमवारी सकाळी मी कामावर आले तर फाटकाच्या आत, ओळीने, नारंगी रंग दिलेल्या सहा पायऱ्या उभ्या. स्टोअरमधून चाकं काढून बसवलेली. स्प्रिंगासुद्धा.

आता आपलं बिंग फुटणार, हे मला कळलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या आधी क्षणभर मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळत जाऊन एकीवर चढले असते. डोक्यात असलेली वस्तू बाहेर उन्हात उभी होती आणि ती चांगली दिसत होती.

दीपकशेठ त्यांच्याभोवती फिरत होते.

“गोटीराम, हे काय आहे?”

“कुसाबाई.”

“कोण कुसाबाई?”

“ते मला नाय माहीत. ड्रॉइंग आलं, शिक्का व्हता, केलं. सहा नग.”

शेठ माझ्याकडे वळले. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. कपाळ चोळत ते स्वतःशीच म्हणाले, “कुसाबाई... कोणीतरी फोनवर ऑर्डर दिली असेल. मीच घेतली असेल, गाडी चालवताना. तुला मीच सांगितलं ना, पल्लवी?”

मी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, ते माझं मलाच नीट सांगता यायचं नाही. त्यांनी ती होकाराची धरली आणि मी ती धरू दिली. दोन तास वाचले, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं.

पुढचे दोन दिवस शेठ कुसाबाईला शोधत होते. डायरी चाळली, फोनमधले सगळे कॉल पाहिले. वणीच्या एका गिऱ्हाइकाच्या आईचं नाव कुसाबाई असल्याचं कोणीतरी सांगितलं, तर त्याला फोन लावून “आईंची ऑर्डर तयार आहे” म्हणाले. आईंना जाऊन चार वर्षं झाली होती. त्या माणसाने शेठना काय ऐकवलं ते केबिनच्या बाहेरपर्यंत ऐकू आलं. सगळे हसलो आम्ही. मीही हसले.

बुधवारी दुपारी अडीचला शेठ वर माझ्या टेबलापाशी आले. ते कधी वर येत नाहीत, हाक मारतात. यादवकाकांच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. मी उगाच एक फाइल उघडली आणि बंद केली.

“पल्लवी,” ते हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू? खरं सांगायचं. मी आणखी काही विसरतो का गं? तुमच्या लक्षात आलंय का? सांगत नाही का तुम्ही लोक?”

आणि मला अण्णा आठवले. शेठचे वडील. शेवटची चार वर्षं ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे. रोज सकाळी मला विचारायचे, “तू कोणाची गं?” मी म्हणायचे, भोयांची. “अरे वा!” म्हणायचे, जणू भोयांना ओळखतात. शेवटी शेठनाही त्याच प्रेमाने विचारायला लागले, “तू कोणाचा रे?” तेव्हा शेठ रोज खाली बसून, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगायचे, “तुमचाच, अण्णा.”

“अण्णांचंही असंच सुरू झालं होतं,” शेठ म्हणाले. “आधी एक ऑर्डर विसरले. मी डायरी तीनदा वाचली. मला आठवतच नाही. नुसतं थोडंसं नाही आठवत असं नाही, काहीच नाही आठवत. काल हिला सांगितलं. ती रात्रभर जागीच होती.”

माझ्यासमोर चहा होता, गरम. तो तसाच राहिला.

“शेठ, तुम्ही विसरला नाहीत,” मी म्हणाले. “ऑर्डर नव्हतीच. कुसाबाई माझी आई आहे.”

त्यांना काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. आईचा क्रेट, पायरी, चुकून सेव्ह झालेली फाइल. तरी त्यांना कळेना की एक फाइल आपोआप कशी बाहेर जाईल, कारण त्यांच्या मते प्रत्येक फाइल मी हाताने काढत होते. तेव्हा मी फोल्डर दाखवलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर फाइली उघडायला लागल्या, बंद व्हायला लागल्या, एकामागून एक, कोणी हात न लावता. कोपऱ्यात आकडा चढत होता. शेठ माझ्या हातांकडे बघत होते. मी ते मांडीवर ठेवले होते.

“हे कधीपासून?”

“तीन वर्षं.”

“म्हणजे दोन ते चार तू...”

“बसते.”

आता ते ओरडतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. काही आवाज आला नाही म्हणून उघडले, तर ते फोन लावत होते. दोनदा चुकीचं बटण दाबलं.

“अगं, ऐक,” ते बायकोला म्हणाले. “मी विसरलो नव्हतो. अगं नाही, ऑर्डरच नव्हती! ती आमची पल्लवी... हो, तीच. लबाड आहे नुसती. मी काही विसरलो नव्हतो.” पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण शेठनी चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग मीही रडले. दोन दिवस मी या माणसाला हे भोगू दिलं होतं, आणि वर हसलेही होते. त्याची लाज मला अजून वाटते.

राग दुसऱ्या दिवशी आला. सकाळी आल्या आल्या बोलावलं आणि म्हणाले, “काल मी आनंदात होतो. आज बोलतो.” आणि अर्धा तास बोलले. त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, जेवणानंतर दोन वाजता माझ्याकडे यायचं, पुढच्या हंगामाच्या नव्या ब्लोअरचं काम तुझ्याकडे. काम चांगलं आहे, माझ्या आवडीचं आहे, आता ड्रॉइंगवर माझं नाव येतं. पण माझे दोन तास गेले ते गेलेच. चहा पुन्हा कोमट प्यायला लागले.

पायऱ्यांचं मात्र शेठच्या डोक्यात शिरलं. निफाडच्या ज्या बागेत आई कामाला आहे तिथे एक पायरी पाठवून पाहिली. मऊ मातीत चाकं रुतली. आईने निरोप धाडला, “चाकं काढा आन् बूड गुळगुळीत करा, मी ओढून घेईन.” गोटीरामभाऊंनी तळाच्या कडा पुढेमागे वर वाकवल्या, शेत सपाट करायच्या मैंदाला असतात तशा. त्यासाठी ते वर आले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी प्रश्न विचारला, “म्हातारीचं वजन किती?” मग सहाही पायऱ्या निफाडला गेल्या. शेठ मला म्हणाले, “शनिवारी सुट्टी आहे ना, जाऊन ये आईकडे. आणि एक विचारून ये, पायरीमुळे बाई दिवसाला किती ओळी जास्त करते. आकडा मिळाला की मी प्रत्येक बागाईतदाराला पायरी विकतो की नाही बघ.”

शनिवारी मी मेथीची भाजी आणि भाकऱ्या बांधून निफाडला गेले. बागेत बायांच्या गप्पा ऐकू येत होत्या, कातऱ्यांचा आवाज येत होता, मांडवाखाली नारंगी पायऱ्या दिसत होत्या. बायांनी जुन्या लुगड्याच्या पट्टीने पायरी कमरेला बांधली होती. घड झाले की उतरायचं, दोन पावलं चालायचं, पायरी मागून घसरत येते, पुन्हा चढायचं. वाकायचं नाव नाही. आई मात्र कुठे दिसेना. शोधत शोधत पार शेवटच्या ओळीत गेले तर ती पायरीवर बसलेली, पाठ मांडवाच्या खांबाला टेकलेली, पाय लांब पसरलेले, डोळे मिटलेले.

मी घाबरले. “आई! बरं नाय का?”

तिने एक डोळा उघडला. “हळू बोल,” ती म्हणाली. “काय नाय झालं मला. माझ्या आजच्या चारी ओळी झाल्या.”

“झाल्या? एवढ्यात?”

“मुकादम चारला येतो ओळी बघाया. तंवर नको बोलू कोनाला.” तिने पाहिलं, मी कोणाला हाक तर मारत नाही ना. मग पायरीवर थोडी सरकली, पण पायरी एकीपुरतीच आहे, म्हणून मी खाली मातीत बसले. आईच्या तोंडावर सावली हलत होती. तिला अशी, काही न करता बसलेली, मी जन्मात पाहिली नव्हती.

“किती वाजलं?” तिने विचारलं.

“सव्वादोन.”

“मंग लय वेळ हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

सोमवारी दोन वाजता मी केबिनमध्ये गेले तेव्हा शेठ वही उघडून, पेन हातात घेऊनच बसले होते. “बोल. बाईमागे किती ओळी वाढल्या?”

“तेवढ्याच,” मी म्हणाले. “पण गुडघे दुखत नाहीत म्हणतात.”